आईच्या दोन अटी आणि माझं कार्ड

ताईचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ताट घेऊन रांगेत उभा होतो. ताई माझी मोठी बहीण, श्रीरामपूरला दिलेली. आई तेव्हा महिनाभरासाठी तिच्याकडे राहायला गेली होती. ताई म्हणाली, "हे बघ, आईचं अंग बाहेर येतंय. ती तुझ्याशी ह्यातलं अक्षर बोलणार नाही आणि तूही तिला काही विचारू नको. ऑपरेशन सांगितलंय. तुझ्या त्या कंपनीच्या कार्डावर होतं का, तेवढं बघ."

मी रांगेतून बाहेर आलो. आमच्याकडच्या बायका ज्याला अंग बाहेर येणं म्हणतात, त्यात गर्भाशय आपल्या जागेवरून खाली उतरतं. बाळंतपणं, डोक्यावरची ओझी, उतारवय, अशा सगळ्यांचा तो परिणाम असतो. चालताना, खोकताना, पाण्याची बादली उचलताना त्रास होतो. जीव जात नाही, म्हणून बायका वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. आईनंही सांगितलं नव्हतं. ताईनं तिला न्हाणीघरात भिंतीला धरून उभं राहिलेलं पाहिलं, खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं.

ताई तिला घेऊन आपल्या नेहमीच्या बाई डॉक्टरांकडे गेली. ताईची दोन्ही बाळंतपणं ह्याच मॅडमनी केलेली. त्यांचा दवाखाना बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. खाली खाटा, वर त्यांचं घर. मॅडमनी तपासलं आणि ऑपरेशनच करावं लागेल म्हणून सांगितलं. आई तयार झाली, पण दोन अटी घालून. ताईनं त्या मला आईच्याच शब्दांत ऐकवल्या.

"करीन तर ह्याच बाईच्या हातानं. आन पोराच्या खिशातनं पैसा जानार आसंल तर करायचंच न्हाई. इतकी वर्सं काढली, आनखी काढीन."

पहिल्या अटीमागचं कारण ताईला ठाऊक होतं. फार पूर्वी तालुक्याला कुठल्याशा तपासणी शिबिरात आई गेली होती. तपासायला पुरुष डॉक्टर होते आणि त्यांच्या मागे शिकाऊ मुलं उभी. आई टेबलावरून उठली, पदर सावरला आणि सरळ एसटी स्टँडवर जाऊन बसली. त्यानंतर तिनं कुणाला दाखवलं नाही. ह्या मॅडमनी आधी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं, पडदा ओढला, आणि तपासताना आमच्या गावाकडे, खर्ड्याच्या बाजूला, ह्या वर्षी ज्वारी कशी आहे ते विचारत राहिल्या. आईला तेवढं पुरलं.

दुसऱ्या अटीचं कारण मला माहीत होतं. माझी मुलगी बारावीला आहे, तिच्या पुढच्या शिक्षणासाठी मी ठेव ठेवलेली आहे. आईला त्या ठेवीची रक्कम माहीत नाही, पण ती आहे हे माहीत आहे, आणि तिच्यावर आईची माझ्यापेक्षा कडक नजर असते.

मी सुप्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरमध्ये काम करतो. आलेला माल, गेलेला माल आणि उरलेला माल यांचा मेळ घालणं हे माझं काम. कारखान्यानं सगळ्या कायम कामगारांचा एकत्र आरोग्य विमा काढलेला आहे. त्यात बायको, मुलं आणि आईवडील येतात. वडील राहिले नाहीत, आईचं कार्ड आहे. ते कार्ड मी दर वर्षी नवीन आलं की मोबाईलमध्ये ठेवत होतो. वापरायची वेळ आली नव्हती, म्हणून ते कसं चालतं ते मला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी विम्याची सगळी पानं छापून घरी आणली आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसलो. बायको म्हणाली, "अहो, एवढी तर तुम्ही आपल्या लग्नाची पत्रिकापण वाचली नव्हती."

"पत्रिकेत अटी-शर्ती नव्हत्या," मी म्हणालो.

"होत्या. तुम्हाला दिसल्या नाहीत."

इंग्रजी जड होतं, पण वाचता वाचता ते मला ओळखीचं वाटायला लागलं. आमच्या कारखान्यात मान्यताप्राप्त पुरवठादार असतात. त्यांच्याशी आधी दर ठरलेला असतो. त्यांच्याकडून माल घेतला तर स्टोअरला रोख द्यावे लागत नाहीत, त्यांचं बिल परस्पर अकाउंटला जातं. पुरवठादार थोडा कमी दर लावतो, कारण त्याला कायमचं गिऱ्हाईक मिळतं. अडीनडीला बाहेरच्या दुकानातूनही बोल्ट आणता येतात, पण तेव्हा पैसे आपल्या खिशातून घालायचे, पावती जोडायची, चार सह्या घ्यायच्या आणि वाट बघायची. पावतीतलं काही कुणाला पटलं नाही तर तेवढं कापून मिळतं.

विम्याचं नेटवर्क म्हणजे हेच. ज्या हॉस्पिटलांशी विमा कंपनीचा करार आहे, दर ठरलेले आहेत, त्यांची यादी म्हणजे नेटवर्क. तिथं गेलं तर बिल परस्पर जातं, त्याला कॅशलेस म्हणतात. यादीबाहेर गेलं तरी विमा मिळतो, पण आधी आपण भरायचे आणि मग मागायचे. हे समजल्यावर मला बरं वाटलं. ज्या गोष्टीचा मेळ घालता येतो तिची मला भीती वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी यादी उघडली. श्रीरामपूर लिहिलं, मॅडमचं नाव टाकलं. काही नाही. दवाखान्याचं नाव टाकलं. काही नाही. यादी जुनी असेल म्हणून विमा कंपनीच्या नंबरवर फोन केला आणि विचारलं, "ह्या मॅडम नेटवर्कमध्ये आहेत का?" त्यांनी बघून सांगितलं, नाहीत. मॅडमच्या दवाखान्यात फोन केला. काउंटरवरची बाई म्हणाली, "आपल्याकडं कॅशलेस नाही हो दादा. रोख नाहीतर ऑनलाइन." कारखान्यातल्या ऑफिसात विचारलं. तिथला माणूस म्हणाला, हल्ली यादीबाहेरच्या हॉस्पिटललाही आधी कळवून कॅशलेस मागता येतं, पण हॉस्पिटलनं हो म्हटलं पाहिजे. मी परत दवाखान्यात फोन केला. त्यांनी हो म्हटलं नाही.

म्हणजे आईची पहिली अट पाळली तर दुसरी मोडत होती.

मग मी नगरमधली यादीतली हॉस्पिटलं बघितली. एक चांगलं होतं, स्वच्छ. तिथं पूर्णवेळ बाई डॉक्टर होत्या. मी रविवारी आईकडे गावी गेलो. श्रीरामपूरहून ती नुकतीच परतली होती. आमचं गाव खर्ड्याजवळ. आई ओसरीवर सूप घेऊन मूग पाखडत होती. मी समोर बसलो, पण कुठल्या शब्दानं सुरुवात करायची ते मला कळेना. शेवटी म्हणालो, "नगरला एक हॉस्पिटल बघितलंय. कार्डावर होतंय तिथं."

आईनं सूप थांबवलं नाही. "काय हुतंय?"

"तेच. ताई म्हणत होती ते."

"बरं."

"तिथं बाई डॉक्टरच आहे. चांगली शिकलेली आहे."

"शिकल्याली आसंल. मी तिला कुटं वळखते?"

"होईल की ओळख."

तिनं सूप खाली ठेवलं. "त्या वळखीसाठी परत दाखवायचं व्हय?"

तिनं खडे वेचून अंगणात टाकले आणि म्हणाली, "जाऊ दे. तुझं जेवान झालंय का? भाकरी टाकते." आणि उठताना तिनं खांबाला हात लावला. मी इतकी वर्षं ते बघत आलो होतो आणि गुडघे दुखत असतील असं धरून चाललो होतो.

घरी आल्यावर बायकोनं सरळ उपाय सांगितला. "पैसे भरा, मागून विम्यातून घ्या. आणि आईंना सांगा कार्डावर झालं. त्यांना काय कळणार आहे?"

"ती काउंटरवर जाऊन विचारेल."

"एवढं कोण विचारतं?"

"तू तिला अठरा-एकोणीस वर्षं ओळखतेस. मी जन्मापासून ओळखतो."

बायको हसली, कारण तिलाही ते माहीत होतं. आई एसटीत कंडक्टरनं तिकीट दिलं की शेजारच्या बाईचं तिकीट मागून भाडं ताडून बघते. तिला खोटं सांगून पुढे निभवायचं, तर ताईला, मेहुण्यांना, मॅडमना आणि काउंटरवरच्या बाईला त्यात घ्यावं लागलं असतं. आणि नंतर कधी कळलं असतं तर पुढच्या कुठल्याही आजारात तिनं माझ्या कार्डावर विश्वास ठेवला नसता. मला तो सौदा महाग वाटला.

तरी पैसे भरून मागण्याचा खर्च किती, कपात किती होईल, हे काढून ठेवावं म्हणून मी रजा टाकली आणि श्रीरामपूरला मॅडमना भेटायला गेलो. ताई बरोबर होती. मॅडम साठीच्या आसपासच्या, बुटक्या, भराभर बोलणाऱ्या. मी माझी ओळख सांगितली आणि विचारलं, "मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही नेटवर्कमध्ये का नाही आलात?"

"राग कशाला? सगळे विचारतात." त्यांनी चष्मा काढला. "माझ्या खाटा मोजक्या. यादीत जायचं म्हणजे ते दर ठरवणार. तेही चालेल एक वेळ. पण पेशंट घरी जातो आणि पैसे मागून येतात. कधी लवकर, कधी फार उशिरा. तोपर्यंत सिस्टरांचे पगार, ऑक्सिजन, लाईट बिल मी कशातून देऊ? शिवाय ती कागदं पाठवायला, त्यांच्या शंकांना उत्तरं द्यायला एक माणूस कायमचा बसवावा लागतो. मोठ्या हॉस्पिटलला ते परवडतं. मी काय, वरच्या मजल्यावर पोळ्या लाटून खाली बाळंतपणं करणारी बाई."

मला त्यांचं म्हणणं पटलं. आमच्या कारखान्यालाही काही चांगले छोटे पुरवठादार ह्याच कारणासाठी माल देत नाहीत.

मग मी त्यांना आईच्या दोन्ही अटी सांगितल्या. काही न लपवता, ठेवीसकट. ताई मधेच म्हणाली, "मॅडम, ती लई हट्टी आहे. तुमच्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "एक मिनिट. आजींना माझा दवाखाना पाहिजे की मी पाहिजे?"

ताईनं आणि मी एकमेकांकडे बघितलं.

"म्हणजे?" ताई म्हणाली.

"म्हणजे आजी खाटेसाठी अडून बसल्यात की माझ्यासाठी? कारण त्यांचं बीपी मी बघितलंय. मलाही मागं आयसीयू असलेला बरा. माझी अशी जोखमीची ऑपरेशनं मी बायपासवरच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये करते. आठवड्यातून दोन दिवस असते मी तिथं. ते तुमच्या यादीत आहे का?"

ते होतं. श्रीरामपूर लिहिलं की यादीत सगळ्यात वर तेच येत होतं. मी ते पहिल्याच दिवशी बघितलं होतं, तिथं फोनही केला होता. मी विचारलं होतं, "तुमच्याकडं स्त्रीरोगाचे डॉक्टर कोण?" त्यांनी त्यांच्या पूर्णवेळ डॉक्टरांचं नाव सांगितलं, ते पुरुष होते, आणि मी फोन ठेवला होता. बाहेरून कोण कोण येऊन ऑपरेशन करतं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही.

परतीच्या रस्त्याला मी ह्या चुकीचा विचार करत होतो, कारण ती माझ्या एकट्याची नव्हती. आमच्या भागात कुणी हॉस्पिटलला जात नाही, डॉक्टरकडे जातो. दवाखान्याला पाटीवर काहीही नाव असू द्या, आम्ही त्याला डॉक्टरच्या आडनावानंच ओळखतो. डॉक्टर मेला तरी त्याच्या मुलाच्या दवाखान्याला बापाचंच नाव. 'त्यांच्या हाताला गुण आहे' असं आपण म्हणतो, त्यांच्या इमारतीला गुण आहे असं कुणी म्हणत नाही. त्यामुळं यादीतही आम्ही माणूस शोधतो. ताईनं, ऑफिसातल्या माणसानं, मी, सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता: मॅडम यादीत आहेत का? उत्तर दर वेळी खरं मिळालं होतं. पण आमच्या विम्यातला करार डॉक्टरशी नव्हता. तो इमारतीशी होता: तिथल्या खाटांशी, तिथल्या ऑपरेशनच्या खोलीशी, तिथल्या बिलाशी. त्या इमारतीत येऊन जो डॉक्टर ऑपरेशन करेल त्याची फी हॉस्पिटलच्या बिलातून जाते. मॅडम नेटवर्कच्या बाहेर होत्या आणि आठवड्यातले दोन दिवस नेटवर्कच्या आतही होत्या.

"तुम्हाला तिथं पैसे कमी मिळत असतील," मी निघताना मॅडमना म्हणालो होतो.

"मिळतात की कमी. ऑपरेशनचा एकत्र दर ठरलेला असतो, त्यातून हॉस्पिटल आपलं कापतं आणि उरलं ते मला देतं. तेही मागून." आणि ताईकडे बघून म्हणाल्या, "पण ज्या बाईनं इतकी वर्षं दाखवलं नाही तिनं मला दाखवलंय. ती परत गावी जाऊन बसली तर माझ्या डोक्याला टोचणी."

आता राहिली दुसरी अट. ती पूर्ण सुटली नव्हती. आमच्या कारखान्याच्या विम्यात आईवडिलांच्या बिलातला वीस टक्के हिस्सा आपण भरायचा, अशी अट आहे. ते वाक्य मी पेन्सिलनं अधोरेखित केलं होतं. कॅशलेस म्हटलं की एक रुपया लागत नाही असं सगळ्यांना वाटतं, ते खरं नाही. बायको म्हणाली, "आता तरी एवढं सांगू नका. एवढ्यावरून मोडायचं."

ताईच्या घरी आई आली तेव्हा मी तिला सांगितलं. बायपासवरचं हॉस्पिटल, पण ऑपरेशन ह्याच मॅडम करणार. त्यावर तिनं मान हलवली. मग म्हणालो, "आणि कार्डावर होणार, पण सगळं नाही. पाचातला एक वाटा आपला. चार विमा कंपनीचे."

ताईनं मला डोळ्यांनी दटावलं. आईनं बोटांवर पाच मोजले. मग विचारलं, "ती कंपनी किती पैसे घेती तुझे?"

"पगारातून थोडे कापतात. बाकीचे कारखाना भरतो."

"आन तिनं चार वाटे द्यायचे?"

"हो."

"आरं मग हे वाट्यानंच झालं की! आपल्याकडं तर निम्म्यानं देत्यात रान, आन बियानं वर पुन्हा वाटंकऱ्याच्या डोक्यावर." तिला हिशोब आवडल्याचं तिच्या तोंडावर दिसत होतं. "पाचात एक म्हंजे लई बरं हाय. तसला मालक कुटं गावतो? तेवढं दे तू. पर ठेव मोडू नको."

"नाही मोडत."

"तुझ्या बायकोला इचारीन मी."

ताई तोंडावर पदर घेऊन हसायला लागली.

ऑपरेशनच्या काही दिवस आधी आम्ही मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेलो, कारण विमा कंपनीची मंजुरी आधी मागावी लागते. काचेच्या मागे कॅशलेसचं काम बघणारी एक मुलगी होती, माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं आधी खोलीचं विचारलं. ताईला आईसाठी स्वतंत्र खोली पाहिजे होती. मुलगी म्हणाली, "काका, तुमच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे. वरची खोली घेतली तर नुसता भाड्यातला फरक द्यायचा नसतो, बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते." हे मीही वाचलं होतं, पण इतक्या सोप्या शब्दांत मला ते ताईला सांगता आलं नव्हतं. आई म्हणाली, "आन मला येकटीला कोंडून काय करता? चार बाया आसल्या की बरं." म्हणून जनरल वॉर्ड ठरला.

मग मुलीनं विचारलं, "आजी, हा त्रास कधीपासून आहे?"

माझ्या एका सोबत्यानं मला बजावलं होतं की दोन-तीन महिने सांगा, जुनं दुखणं म्हटलं की कंपनी अडवते. आमच्या कारखान्याच्या विम्यात जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून धरतात, हे मी वाचून ठेवलं होतं. नसतं धरलं तरी खोटं लिहून घेतलेल्या मंजुरीवर आईला टेबलावर चढवायची माझी तयारी नव्हती. पण आईला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ताईकडे बघून म्हणाली, "ह्याच्या लेकीचं बारसं झालं, त्याच्या आदीपासनं."

मुलीनं मला विचारलं, "काका, म्हणजे साधारण किती?"

"सतरा वर्षं," मी सांगितलं.

बारशाच्या वेळी आम्ही नगरला तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. नळाला पाणी वर चढत नसे. बायको बाळंतीण, म्हणून आई आली होती आणि महिनाभर तीच खालच्या टाकीतून पाणी आणत होती. काचेमागची मुलगी टाईप करत होती, मी काचेवर चिकटवलेल्या विमा कंपन्यांच्या चिठ्ठ्या वाचत उभा राहिलो. आईनं हळूच विचारलं, "जास्ती सांगितलं का मी?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर सांगितलं."

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीची शंका आली: इतके दिवस उपचार का घेतला नाही, आधीची कागदपत्रं आहेत का? मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं की रुग्णानं संकोचामुळे आजवर उपचार घेतला नाही, आधीची कागदपत्रं नाहीत, आणि आता शस्त्रक्रिया आवश्यक आहे. ते वाचून मुलगी म्हणाली, "असं खरंच लिहायचं?" मॅडम म्हणाल्या, "मग काय लिहू? तेच कारण आहे." मंजुरी आली.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि ताई बाहेर बाकावर बसलो होतो. आत काय झालं ते मॅडमनी नंतर सांगितलं. पाठीच्या मणक्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा होता. त्यासाठी पेशंटला बसवून पुढं वाकवतात. आई टेबलावर बसली, पण वाकेना. आत सगळे हिरव्या कपड्यात, डोक्याला टोप्या, तोंडाला मास्क. तिला कोण कोण आहे ते कळेना. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "आजी, वाका." ती म्हणाली, "आदी माझी बाई कुटंय ते दावा."

"मी आहे ना आजी," मॅडम म्हणाल्या.

"तोंडावरचं काडा. बगू द्या."

मॅडमनी मास्क खाली ओढला. आईनं नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "हां. आता काय करायचं ते करा." आणि वाकली.

हे सांगताना मॅडम हसत होत्या, पण मधेच त्यांनी चष्मा पुसला. "इतकी वर्षं झाली, मला असं कुणी तपासलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन चांगलं झालं. ताई दोन्ही वेळचा डबा आणत होती. मेथीची पातळ भाजी, मऊ भात. जड उचलायचं नाही, खाली उकिडवं बसायचं नाही, खोकला अंगावर काढायचा नाही, अशा सूचना मॅडमनी दिल्या. आईनं त्यातली पहिली सूचना ताईकडून दोनदा वदवून घेतली, आणि मला वाटतं ती गावी लेकीसुनांना सांगण्यासाठी पाठ करत होती.

सोडायच्या दिवशी सकाळीच मॅडमनी घरी जायला सांगितलं. आईनं इरकली लुगडं नेसलं, पिशवी भरली आणि खाटेच्या कडेला बसली. मग कळलं की शेवटचं बिल विमा कंपनीला गेलंय आणि त्यांची अंतिम मंजुरी आल्याशिवाय जाता येत नाही. दुपार झाली. ताई पुन्हा जाऊन डबा घेऊन आली. मी काचेपाशी दोन-तीन फेऱ्या मारल्या. ती मुलगी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवत होती, "बघा काका, माझ्याकडून गेलंय. त्यांच्याकडून यायचंय." तिचाही डबा तसाच बंद होता.

आई चिडली होती. "आपल्या घरी जायला परवानगी? मी काय शाळंत हाय का? इचार त्यास्नी, माझं काय तारन ठेवलंय का हितं म्हनून."

"येईल आई. बिल मोठं आहे, बघून देतात."

"बगू द्या की मग. मी बसून काय त्येंचा हिसाब जुळनार हाय?"

शेजारच्या खाटेवर त्या दुपारी एक बाई आली होती, राहुरीकडची, चाळिशीची. तिच्या पोटात गाठ निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन होतं. बरोबर आलेला नवरा औषधं आणायला खाली गेला, तशी ती आईकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आजी, तुमचं कशाचं झालं?"

आजवर हा प्रश्न आला की आई म्हणायची, पोटाचं. गावी जाताना एसटीत काय सांगायचं म्हणून ताईनं तिला तेच सांगून ठेवलं होतं. मी खिडकीपाशी उभा होतो, मोबाईल हातात. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग त्या बाईला, पूर्ण वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "अंग भाईर येत हुतं माझं. सतरा वर्सं. येडी हुते, कुनाला सांगितलं न्हाई."

बाई एकदम उठून बसली. "माझ्या सासूबाईंचं बी तसंच हाय. त्या सांगत न्हाईत, पर मला कळतंय. दुखलं का लई?"

"कमरंखालचं काय कळतच न्हाई, बधिर करत्यात. मागून दुकतंय, पर बाळतपनापेक्षा कमीच. तू आसं कर..." आणि आई खाटेवर सरकून तिच्या जवळ गेली.

तेवढ्यात ती मुलगी दारात येऊन म्हणाली, "काका, आलं अप्रूव्हल. वीस टक्के काउंटरला भरा, की निघालात."

मी पैसे भरले, पावती घेतली आणि पिशवी उचलली. खाली मेहुण्यांनी गाडी दाराशी लावली होती. मी आईला म्हणालो, "चल. झालं सगळं. सोडलं त्यांनी."

आईनं माझ्याकडे न बघता हात वर केला. "थांब जरा. हिच्या सासूचं वय इचारते आदी."